दादाच्या गिटारीवरची झीज

मुलीने खोकं उघडलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "अगं, सेकंडहँड पाठवलीये. परत कर."

ती हसली. पुण्यात नोकरी करते, स्वतःच्या पैशाने हौस करते, तिला हसायचा हक्क आहे. "पप्पा, नवीच आहे. ती अशीच येते."

अशीच म्हणजे कशी, ते मी चष्मा लावून पाहिलं. वाजवणाऱ्याचा हात जिथे टेकतो तिथला रंग उडालेला, खालचं लाकूड उघडं. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. वर, तारा पिळायच्या खुंट्यांपाशी, सिगारेट टेकवून ठेवल्याचा काळा डाग. स्क्रूंना गंज. हे सगळं कारखान्यात केलेलं. त्या जपानी कंपनीने फार पूर्वी काढलेलं मॉडेल आता पुन्हा काढलंय, आणि त्यात दोन प्रकार ठेवलेत. चकचकीत ती स्वस्त, झिजलेली ती महाग.

मी सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात पेंट शॉपला काढली. ओरखडा दिसला की तो घालवायचा, याचा मला पगार मिळाला. आता तिकडे कुणीतरी ओरखडे पाडायचा पगार घेतोय, आणि तो माझ्यापेक्षा नक्कीच जास्त असणार. डोकं सणकलं माझं. मुलीला वाटलं, पप्पा किमतीवरून चिडलेत. मीही तसंच वाटू दिलं.

चिडायचं खरं कारण आतल्या खोलीत कपाटावर होतं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. तीच गिटार, त्याच मॉडेलची, पण मूळची. माझ्या मोठ्या भावाची.

दादा तेव्हा ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचा. लग्नं, जत्रा, गणपती. आज सायखेडा तर उद्या दिंडोरी. मुंबईच्या एका वादकाकडून त्याने ती गिटार घेतली होती, मध्ये मधासारखी पिवळी आणि कडेला काळपट होत गेलेली. मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. स्पीकर उचलायचे, वायरी सोडायच्या, कार्यक्रम संपला की त्या गोळा करायच्या, हे माझं काम. निवेदक सगळ्यांची नावं घ्यायचा. दादाचं नाव आलं की शिट्ट्या पडायच्या. वायरी गुंडाळणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही आणि घ्यायचं कारणही नाही, हे मला आज कळतं. तेव्हा ते सलायचं.

खंडेनवमीला आई घरातली हत्यारं पाटावर मांडायची. वडिलांचे पकड-पाने, तिचं शिवणयंत्र, आणि मध्ये आडवी ती गिटार. हळद-कुंकू ओलं करून बोटाने लावायची, दर वर्षी एकाच जागी, मानेच्या दोन बाजूंना लाकडाची शिंगासारखी टोकं असतात, त्यातल्या वरच्या शिंगाखाली. गिटारीच्या जुन्या वार्निशला बारीक भेगा पडल्या होत्या. त्यांत ते कुंकू मुरत गेलं आणि वाटाण्याएवढा तांबूस चट्टा कायमचा बसला. दादाला गाणं सुरू करण्याआधी त्या चट्ट्यावरून अंगठा फिरवायची सवय होती. मी स्टेजच्या बाजूला बसून ते कितीदा पाहिलंय.

मग एका उन्हाळ्यात आई गेली. त्या वर्षी घरात सण नव्हता. पण कंपनीत खंडेनवमी होती, आणि आमच्या पेंट शॉपची रीत अशी की पूजेआधी जे जे जुनं दिसेल ते रंगवून काढायचं. ट्रॉल्या, स्टुलं, साहेबांच्या टेबलाचे पाय, कुणाच्या मुलाची सायकल, कुणाच्या स्कूटरची टाकी. सगळेच घरचं काहीतरी आणायचे आणि सुपरवायझर तिकडे बघायचा नाही. मी दादाची गिटार नेली. दादा चार दिवस सासुरवाडीला गेला होता. त्याला विचारलं नाही. वाटलं, परत येईल तेव्हा बघून खूश होईल.

काम मी जीव ओतून केलं, हे आजही सांगेन. मान सुटी केली, सगळं खोललं. पिवळी पडलेली प्लॅस्टिकची पट्टी जुनाट वाटली म्हणून फेकून दिली, नवीन पांढरी कापून बसवली. थिनरने जुना रंग उतरवला, पेपर मारला, पुट्टी भरली, प्रायमर दिला, आणि वर स्कूटरच्या टाकीचा मरून मेटॅलिक, तीन हात. भट्टीतून हळू आचेवर काढली. आरशासारखी चमकत होती. खात्यातली माणसं जमली. सुपरवायझर म्हणाला, "हे खरं काम."

शिंगाखालचा चट्टा उतरवताना फडकं लाल झालं होतं. मला कळलं होतं ते काय आहे. हात क्षणभर थांबला होता. पण अर्धा रंग उतरवलेली वस्तू तशी ठेवता येत नाही, असं स्वतःला सांगून मी घासत राहिलो.

दादा आला. त्याने गिटार उलटसुलट करून पाहिली. "छान झालीये," म्हणाला, आणि जेवायला बसला. बस, एवढंच. मी ताटावर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होतो, की हा आता काही बोलेल. नंतर लोकांनी विचारलं की हा रंग कुणी दिला, तर तो माझं नाव सांगायचा, हेही खरं. त्या मोसमात स्टेजवर दिव्यांखाली माझा रंग चमकत होता आणि माझी छाती फुगत होती. पुढच्या मोसमात दादाने ऑर्केस्ट्रा सोडला. बोटं दुखतात म्हणाला. पतसंस्थेत कारकून झाला. गिटार मला दिली, "तुझ्याकडेच ठेव, माझ्याकडे जागा नाही."

मी तो विश्वास समजलो. आणि मनातून रागही धरला, की मी एवढा राबलो आणि या माणसाने कधी मनापासून कौतुकाचा एक शब्द काढला नाही. हा राग मी वर्षानुवर्षं जपला. काय म्हणावं मला.

तर यंदा मुलगी म्हणाली, "उद्या खंडेनवमी आहे, काकांना बोलवू. दोन्ही वाजवून बघू, जुनी कशी आणि ही कशी." मी नको म्हणालो, तिने फोन केलासुद्धा.

दादा सकाळीच आला. सत्तरी ओलांडलीये, पण बोटं ठणठणीत आहेत, हे मी त्या दिवशी नीट पाहिलं. मुलीने आधी कपाटावरची काढून अॅम्प्लिफायरला जोडली. तारांचा आवाज पकडणारी दोन पिकअप, त्यातलं एक मेलेलं. मी ते थिनरने पुसलं तेव्हाच त्याची आतली तार तुटली होती, आणि मी ते भद्रकालीतल्या रेडिओवाल्याकडून पुन्हा गुंडाळून आणलं होतं. दुसऱ्यातून आवाज आला तो घसा बसल्यासारखा. मानेला मी दिलेला रंग घामाने चिकट झालेला, हात सरकेना. दादाने दोन ओळी वाजवल्या आणि बाजूला ठेवली.

मग तिने नवी हातात दिली. दादाचा उजवा हात आपोआप त्या उडालेल्या रंगावर टेकला, अगदी तिथेच, जिथे त्याच्या गिटारीवर त्याच्या हाताने झीज केली होती आणि मी ती पुट्टीने भरली होती. त्याने सूर लावला. खोली भरून गेली. मुलगी माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. मला सायखेड्याचा मंडप आठवला.

वाजवता वाजवता दादाचा अंगठा वर गेला, शिंगाखाली. तिथे गुळगुळीत होतं. अंगठा एकदा फिरला, पुन्हा एकदा फिरला. मग त्याने गिटार मांडीवर आडवी केली.

"काय शोधताय काका?" मुलीने विचारलं.

"काही नाही गं."

"मग सांगा ना, जुनी चांगली की नवी?"

दादा दोन्हींकडे बघत राहिला. "यातली जुनी कोणतीच नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी उलट बोलू शकलो असतो.

मुलगी आत गेली तेव्हा मी कसाबसा म्हणालो, "दादा, मला वाटलं होतं तुला आवडेल."

"तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं."

ठाऊक होतंच. त्याच्या गिटारीवर मला माझा हात दिसायला हवा होता, शिट्ट्यांमधला थोडा वाटा हवा होता. प्रेमही होतं, पण ते त्या रंगाच्या खाली कितव्या थरात होतं, मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात बायकोने पाट मांडला. माझी जुनी स्प्रे गन, तिची विळी, मुलीचा लॅपटॉप, दोन्ही गिटारी. "भाऊजी, तुम्ही बसा पुढे," म्हणाली. कुंकू ओलं करून बायकोने आधी मरून गिटारीला लावलं. त्या गुळगुळीत रंगावर ते टिकेना, ओघळलं. मग नवीला लावलं, आणि कुणी न सांगता तिचं बोट नेमकं वरच्या शिंगाखाली गेलं. दादा ताठ झाला. मीही.

"आई!" मुलगी ओरडलीच. तिने खोक्यासोबत आलेलं मऊ फडकं काढलं आणि कुंकू पुसायला लागली. "डाग बसतो गं. विकायला काढली तर किंमत येणार नाही."

मी तोंड उघडलं. पण कोणत्या तोंडाने सांगणार होतो? ती नीट, मन लावून पुसत होती, कडेकडेने, फडक्याची घडी बदलत. मी तिला लहानपणी तसंच शिकवलं होतं. फडकं लाल होत गेलं.

दादा उठला. चप्पल घालताना माझ्या बायकोला म्हणाला, "पोरगी बापावर गेलीये हो."

बायकोला ते कौतुक वाटलं. ती हसली आणि त्याला जेवून जायचा आग्रह करू लागली.