फळीवरची उंची

घरात तिला सगळे लंबू म्हणायचे. आई तिच्या हनुवटीला लागायची आणि बाबा जेमतेम भुवयांना. त्यामुळे माळ्यावरचा डबा काढणं, बल्ब बदलणं, पंख्याची पाती पुसणं ही कामं कधीचीच तिच्या गळ्यात पडली होती.

"आम्ही शिडी घेतलीच नाही," बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे. "आमची शिडी दोन वेळा जेवते आणि वर उलट बोलते."

बाबांचं इस्त्रीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. जवळच्या पोलीस ठाण्यातल्या वर्द्या तिथेच यायच्या. बाहीची घडी खांद्यापासून मनगटापर्यंत एका रेषेत उतरली पाहिजे, हे लंबू चालायला शिकल्यासारखी शिकली होती. एका संध्याकाळी तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "बाबा, दुसऱ्यांच्या वर्द्या किती कडक करायच्या? मी भरतीचा अर्ज भरलाय."

बाबांनी हातातल्या शर्टावर उगाचच पाणी शिंपडलं.

"भरतीला उंची लागते."

"मग? मला काय कमी आहे?"

आतून आईचा आवाज आला, "हिला उंची विचारताय? विचारणाऱ्याला आधी स्टूल द्या!"

तरी बाबांनी टेप काढला. जमिनीला टेकवून, नीट मोजून, भरतीला लागते तेवढ्या उंचीवर भिंतीला खडूने रेघ मारली. टेबलामागे, लंबू रोज उभी राहायची तिथेच. मग दर रविवारी ती भिंतीला पाठ लावायची, बाबा टाचा उंचावून तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरायचे आणि ओरडायचे, "ओलांडली!" जणू पोरगी त्याच आठवड्यात वाढली होती.

लेखी परीक्षा ती पास झाली. पहाटे रस्त्यावर धावून धावून मैदानी चाचणीही निघाली. बाबांनी खिळ्याला एक रिकामा हँगर अडकवला. "याला कुणी हात लावायचा नाही. हिची पहिली वर्दी मी इस्त्री करणार, आणि ती इथे लागणार."

राहिली होती फक्त मोजमापं. त्याची काळजी घरात कुणालाच नव्हती.

मैदानाच्या कोपऱ्यात मांडव घातला होता. अनवाणी पायांनी खांबाला पाठ लावायची, की मोजणाऱ्या पोलीसबाई वरची आडवी पट्टी डोक्यावर टेकवायच्या. लंबूची पाळी आली.

"हनुवटी सरळ. श्वास घे. थांब." बाईंनी आकडा पाहिला. "अर्धा सेंटीमीटर कमी. पुढची!"

लंबू हसली. "मॅडम, परत बघा ना. मला घरी लंबू म्हणतात."

रांगेत खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. "घरी मलाही वाघीण म्हणतात, बाळ. अपील कर. जेवणाच्या सुट्टीनंतर परत मोजतील. तेच शेवटचं."

कुंपणाबाहेर बाबा पाण्याची बाटली छातीशी धरून उभे होते.

"झालं?"

"कमी पडले."

"कशात?"

"उंचीत."

बाबांना आधी कळेचना. "उंचीत? अगं, भिंतीवर तर दर रविवारी..." आणि ते थांबले. त्यांची नजर तिच्या धुळीने माखलेल्या पायांवर गेली. "तू उभी कशावर राहायचीस?"

"कशावर म्हणजे? टेबलामागे. जमिनीव..."

तिचं वाक्य तिथेच तुटलं. टेबलामागे बोटभर जाडीची लाकडी फळी होती. ओल्या जमिनीवर उभं राहून इस्त्री धरली तर करंट लागतो, म्हणून आजोबांनी टाकलेली. तिच्यावर दोघांची इतकी वर्षं गेली होती की ती फळी आहे हेच दोघं विसरले होते. त्यांच्या लेखी तीच जमीन. रेघ फळीमागच्या फटीत टेप टेकवून खऱ्या जमिनीपासून मोजलेली, आणि लंबू मात्र फळीवर.

"मी एवढा..." बाबांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं.

झाडाच्या सावलीत अपील केलेल्या चारदोन मुली आडव्या झाल्या होत्या. "पडून राहा गं," त्यांच्यातली एक म्हणाली, "पाठ मोकळी होते. माझी मावसबहीण अशीच निघाली." लंबू वर्तमानपत्र पसरून उताणी झाली. बाबा शेजारी उकिडवे बसून रुमालाने वारा घालू लागले.

"बाबा, तुम्ही पण टेका की."

"मला कुठे भरती व्हायचंय?"

पण टेकले. आयुष्यभर उभी राहिलेली पाठ जमिनीला लागली तसा त्यांच्या तोंडून आवाज निघाला, विव्हळल्यासारखा. दोघं वर पानांकडे बघत राहिले.

"तुमचीही वाढेल आता."

"माझी घे तू," बाबा म्हणाले. "मला काय करायचीय."

नावं पुकारायला लागली. ती उठली, तसा बाबांनी तिचा हात धरला. आजूबाजूला बघितलं.

"ऐक. पट्टी खाली यायच्या वेळी टाच..."

"काय, बाबा?"

बाबांनी हात सोडला. "काही नाही. टाचा घट्ट टेकव."

या वेळी बाईंनी पट्टी सावकाश खाली आणली. आकडा पाहिला. वाकून तिचे पाय पाहिले. पुन्हा आकडा पाहिला.

"वाढलीयस थोडी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण पुरत नाही गं."

"टाचा टेकलेल्या होत्या ना, मॅडम?"

"होत्या."

"मग ठीक आहे," लंबू म्हणाली, आणि चपला शोधायला लागली. समोरच होत्या, तरी तिला सापडायला वेळ लागला.

घरी आल्यावर बाबांनी कपडेही न बदलता फळी उचलली आणि दाराबाहेर भिंतीला टेकवली. लंबूने ती परत आत आणून जागेवर ठेवली.

"करंट लागेल. तिचा काय दोष?"

ठाण्यातलं गाठोडं तसंच पडलं होतं. तिने पहिली वर्दी ओढली, फळीवर उभी राहिली, बाहीची घडी एका रेषेत उतरवली आणि वर्दी त्या रिकाम्या हँगरला लावली. बाबांनी पाहिलं, त्यांचा चेहरा काळवंडला, पण त्यांनी अडवलं नाही.

तेवढ्यात आतून काहीतरी घासल्याचा आवाज आला. लंबू स्वयंपाकघरात गेली. आईने स्टूल ओढलं होतं. एक हात भिंतीला लावून ती वर चढली होती आणि माळ्यावरच्या डब्याकडे बोटं ताणत होती. हाक मारली असती तर तोंडून लंबूच आलं असतं, म्हणून तिने मारली नव्हती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"उतर खाली," लंबू म्हणाली. "मी घरात असताना स्टूल कशाला?"

आणि तिने हात वर करून डबा काढून दिला.