पुरुषांच्या रांगेतली आर्डेला

आर्डेला टिस्डेल आणि मी जॉर्जियातल्या बेलफोर्ड गावच्या एकाच गल्लीत वाढलो. तिची आई आणि माझी आई एकाच दोरीवर कपडे वाळत घालायच्या. त्यामुळे कुठला फ्रॉक माझा आणि कुठला तिचा, यावरून आमची पहिली मारामारी झाली. ती जिंकली. अंगानं ती तेव्हाही माझ्या दीडपट होती. पण तिच्याबद्दल सांगायचं ते अंगाचं नाही, आवाजाचं.

आवाज पोरांचा फुटतो, पोरींचा नाही, असं आम्ही समजत होतो. डेलचा, म्हणजे आमच्या आर्डेलाचा, फुटला. एका उन्हाळ्यात, ऐन पीचच्या हंगामात, तिच्या गळ्यातून असा आवाज यायला लागला की फळं भरायच्या शेडमधला मुकादम वळून विचारायचा, "कोण रे तो नवा गडी?" दारावर कुणी टकटक केली आणि तिनं आतून "कोण आहे?" म्हटलं, की माणूस बाहेरच हॅट काढून म्हणायचा, "माफ करा हं, मिस्टर टिस्डेल." बिचारे मिस्टर टिस्डेल वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

शाळेतली पोरं तिला 'काका' म्हणायची. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गप्प राहायला लागली. दुकानात काय हवं ते बोटानं दाखवायची. चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या मेळ्यात, तर नुसते ओठ हलवायची.

आमच्या कॉयरच्या प्रमुख मदर लुव्हीनिया ओगल्सबी. पांढरी हॅट, पांढरे हातमोजे, आणि कान असे की मागच्या बाकावर पेपरमिंटच्या गोळीचा कागद वाजला तरी कुणाचा ते ओळखायच्या. बुधवारच्या तालमीत त्यांनी हात वर करून गाणं थांबवलं.

"आर्डेला, तुझे ओठ छान हलतायत. आवाज घरी ठेवून आलीस का?"

"मदर, मला वरचे सूर नाही लागत."

"मग खालचे लाव."

"खाली पुरुष गातात, मदर."

"गाऊ देत. त्यांच्या बापाची आहे का ती जागा? हायरम, सरक तिकडे. पोरीला उभं राहू दे."

हायरम टक बर्फाची गाडी हाकायचा आणि आमच्या कॉयरमध्ये सगळ्यात खालचा सूर त्याचा. तो कुरकुरत सरकला. डेल त्याच्या शेजारी मान खाली घालून उभी राहिली. गाणं परत सुरू झालं. खालच्या सुरापाशी आल्यावर हायरम नेहमीसारखा उतरला, आणि डेल त्याच्या आणखी एक पायरी खाली उतरली. हायरम गायचा थांबून तिच्याकडे बघतच राहिला. रेव्हरंडसाहेबांचं म्हातारं कुत्रं शेवटच्या बाकाखाली झोपलेलं असायचं, ते उठून बाहेर जाऊन बसलं.

"हां," मदर लुव्हीनिया म्हणाल्या. "आत्ता कुठं आपल्या कॉयरला पाया मिळाला."

त्या दिवसापासून डेल पुरुषांच्या रांगेत. पुढं एकटीनं गायला लागली. लग्नं, बाप्तिस्मे, मयती, सगळीकडे तिला बोलावणं यायचं. मयतीला तर खासच. लोक म्हणायचे, आर्डेला गाणार असेल तर मरायला हरकत नाही.

अशाच एका मयतीला मेकन शहरातून लामार ड्यूबरी नावाचा माणूस आला होता. त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत तो रेकॉर्डी बनवायचा. जेवणाच्या वेळी, ताटात मक्याचा पाव आणि तळलेला मासा घेऊन, तो डेलच्या समोर येऊन बसला.

"बाई, मेलेल्या माणसासाठी तुम्ही एवढं गाता. जिवंतांसाठी का नाही गात?"

"जिवंत माणसं मधेमधे बोलतात," डेल म्हणाली.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं, म्हणून मलाही ते सगळं ऐकायला मिळालं. त्याला सोल, म्हणजे चर्चच्या ढंगातली संसारी गाणी, गाणारा आवाज हवा होता. गाणं तिचंच चालेल, फक्त प्रेमाचं हवं.

डेलजवळ प्रेमाचं गाणं कुठलं असायला? तिनं आईचं घेतलं. तिची आई, जिला सगळं गाव मिस कोरा म्हणायचं, इस्त्री करताना एक गाणं गुणगुणायची आणि कधी कधी चर्चमध्येही म्हणायची: 'प्रभू, दार उघडं ठेव, मी येतेच आहे.' डेलनं 'प्रभू'च्या जागी 'राजा' घातलं. बाकी अक्षर बदललं नाही. मेकनला जाताना मी सोबत होते. गाऊन बाहेर आली तेव्हा तिनं माझा दंड धरला.

"झेल्मे, देवाचं गाणं मी एका पुरुषाच्या पदरात घातलं गं."

"कुठल्या पुरुषाच्या?"

"तेच तर! पुरुषसुद्धा नाहीये!"

रेकॉर्ड निघाली. ड्यूबरीनं रेकॉर्डवर नाव छापलं, 'ए. टिस्डेल.' फोटो नाही, काही नाही. तो म्हणाला, लोकांना पुरुष वाटला तर वाटू दे, बायका जास्त ऐकतील. आणि तसंच झालं. उन्हाळा संपायच्या आत जॉर्जियाभर रेडिओवर 'राजा, दार उघडं ठेव' वाजायला लागलं. निवेदक सांगायचा, "आपल्या जॉर्जियाचा सुपुत्र, ए. टिस्डेल!" आमच्याकडे टिस्डेल आडनावाची माणसं पैशाला पासरी. त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

माझं तेव्हा केस करून द्यायचं दुकान होतं. शनिवारी पाय ठेवायला जागा नसायची. एका शनिवारी मदर लुव्हीनिया खुर्चीत बसल्या होत्या. मी तापलेल्या फणीनं त्यांचे केस सरळ करत होते. डेल पलीकडे बेसिनमध्ये डोकं घालून, तोंडावर टॉवेल टाकून पडली होती. आणि माझ्या खरखरणाऱ्या रेडिओवर, ढोलांच्या गलक्यात, ते गाणं लागलं.

माझा हात थांबला. मदरनी बोट वर केलं. "शू. ऐकू दे."

सगळं गाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "गाणं सैतानाचं आहे. पण माणूस चर्चमध्ये वाढलेला आहे. कुणीतरी फार चांगलं शिकवलंय बरं त्याला. असा गडी आपल्या कॉयरमध्ये हवा. मला भेटला तर मी त्याला कान धरून घेऊन येईन."

टॉवेलखालून असा काही आवाज आला, जणू कुणी बादली उपडी केली.

"काय झालं त्या पोरीला?"

"साबण गेला नाकात," मी म्हटलं.

पुढच्याच महिन्यात ऑगस्टा शहरात तिचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. तिचे केस करायला म्हणून मी गेले. हॉल बायकांनी भरलेला. नटूनथटून, अत्तर लावून त्या देखण्या मिस्टर टिस्डेलला बघायला आल्या होत्या. पडदा सरकला आणि पिवळ्या झग्यात आमची डेल पुढं आली.  वरच्या सज्जातून एकीनं ओरडून विचारलं, "बाई गं, तुझा नवरा कुठाय?"

डेलनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही आता पळणार. तिचा तो शाळेतला चेहरा मी ओळखत होते. पण ती माइककडे वळली आणि म्हणाली, "मीच त्याला शोधतेय. तुमच्याकडे आला असेल तर परत पाठवा."

हशा पिकला. आणि त्या हशावरच तिनं पहिला सूर लावला, सगळ्यात खालचा. ती सज्जातली बाई उभी राहिली. मग तिच्या शेजारची. दुसऱ्या कडव्याला कुणीच बसलेलं नव्हतं. गाणं तीनदा म्हणावं लागलं.

दुसऱ्या आठवड्यात फोटोसकट पोस्टर आमच्या गावात चिकटलं. रविवारी उपासना संपल्यावर चर्चचे कारभारी, डीकन बफर्ड गँट, उभे राहिले. त्यांना घसा साफ केल्याशिवाय बोलता यायचं नाही, आणि घसा साफ करायलाच त्यांना बराच वेळ लागायचा.

"बंधुभगिनींनो, एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी निघत नसतं. शनिवारी राजा आणि रविवारी प्रभू, हे चालायचं नाही. सिस्टर आर्डेलानं कॉयरमधून उतरावं."

सगळे मदर लुव्हीनियांकडे बघायला लागले. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी छताकडे.

"झेल्मा," त्या म्हणाल्या, "साबण गेला होता काय नाकात?"

मग त्या उभ्या राहिल्या. "डीकन, मी चारचौघींत म्हणाले होते की त्या गड्याला कान धरून कॉयरमध्ये आणीन. आता तो आधीपासूनच कॉयरमध्ये आहे म्हणून त्याला हाकलू? मग माझ्या शब्दाची काय किंमत राहिली?"

"पण मदर, देवाच्या गाण्यातला शब्द बदललाय तिनं!"

तेवढ्यात मागून मिस कोराचा आवाज आला. डेलची आई चर्चमध्ये कधी बोलायची नाही. ती बाकाला धरून उठली.

"शब्द तिनं नाही बदलला. मी बदलला होता."

"म्हणजे काय, सिस्टर कोरा?"

"ते गाणं मी माझ्या नवऱ्यासाठी रचलं होतं. लग्नाआधी. मी खिडकीतून उतरून त्याच्याकडे जायची." डीकन घसा साफ करायचंही विसरले. "मग तुम्ही सगळे मला गायला सांगायला लागलात, तेव्हा लाजेखातर 'प्रभू' घातलं. पोरीनं आपलं 'राजा'ला परत जागेवर आणलं."

पहिल्यांदा हसला तो हायरम टक. मग रेव्हरंडसाहेब रुमालात तोंड लपवून हसायला लागले. डेल तेवढी हसत नव्हती. ती पुरुषांच्या रांगेत उभी राहून आईकडे अशी बघत होती, जणू आज पहिल्यांदा भेटली. घरी जाताना तिनं आईचा हात धरला आणि विचारलं, "कुठली खिडकी गं?" मिस कोरानं खिडकी दाखवली नाही, पण वाटभर दोघी खिदळत होत्या.

मदरनी निवाडा दिला: शनिवारी कुठंही गा, रविवारी पहिल्या गाण्याआधी हजर. उशीर झाला तर एकटीनं गायचं नाही.

सुरुवातीला डेलनं ते पाळलं. मग दौरे लांबले. शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया. खचाखच भरलेल्या बसमध्ये ढोलांवर पाय ठेवून झोपायचं, ओळखीपाळखीच्या घरी उतरायचं. मजा होती, असं तीच सांगते. दक्षिणेत ज्या हॉटेलांच्या दाराशी आम्हा काळ्या माणसांना उभं करत नसत, त्यांच्याच समोरच्या हॉलमध्ये तिचं नाव दिव्यांनी लिहिलेलं असायचं. पण दुसरी रेकॉर्ड चालली नाही. तिसरी बरी चालली. लोक फर्माईश करायचे ती त्या एकाच गाण्याची. बरीच वर्षं ती तेच दार उघडं ठेवायला सांगत फिरली.

मग अलाबामात, एका रविवारी सकाळी, बस बंद पडली. ड्रायव्हर इंजिनाला शिव्या देत होता. रस्त्यापलीकडे लाकडाचं एक लहानसं चर्च होतं. डेल पाणी मागायला गेली. आत जेमतेम बाकभर माणसं, बहुतेक म्हाताऱ्या, आणि वाजवायला कुणी नाही. हातानं टाळ्या आणि पायानं ठेका. एका म्हातारीनं तिला पाणी दिलं, जागा दिली आणि म्हणाली, "खालचा सूर येतो का गं? आमचा म्हातारा गेल्यापासून रिकामा आहे."

डेलनं तो भरला. तिचं नाव कुणी विचारलं नाही. बस दुरुस्त होऊन भोंगा वाजत राहिला, तरी ती उठेना. शेवटी बसमधले वाजवणारे सगळे आत येऊन मागच्या बाकांवर बसले, आणि सॅक्सोफोनवाला तर रडायलाच लागला.

त्याच दुपारी तिचा मला फोन आला.

"झेल्मे, बुधवारी तालीम असते ना अजून?"

"असते की. का?"

"माझी जागा कुणाला दिली नाहीत ना?"

"हायरम आता पसरून उभा राहतो."

"त्याला सांग, सरक."

गावात काहीजण म्हणाले, हरून परत आली. ती तोंडावर सांगायची, "हरून नाही, भूक लागली म्हणून आले." तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. मटार वाढतानासुद्धा ती असा सूर लावायची की पोरं दुसऱ्यांदा मटार मागायची, जे जगात कुठं घडत नसेल. जड आवाजाच्या पोरी तिला दुरून ओळखू यायच्या. एकेकीला पकडून ती बुधवारी घेऊन यायची. आणि महिन्यातून एका शनिवारी, मिलजवळच्या हॉलमध्ये मासे तळण्याचा कार्यक्रम असला की पिवळा झगा घालून सोलही गायची. डीकन गँट मासे घ्यायला यायचे आणि माशांचा वास सोडवत नाही असं सांगत शेवटपर्यंत थांबायचे.

लग्न मात्र तिनं केलं नव्हतं. विचारणारे होते, पण तिला कुणी पटला नाही. साठी उलटली तेव्हा चर्चचा ऑर्गन बिघडला आणि तो दुरुस्त करायला इसाया क्रम्प्टन नावाचा विधुर आला. शांत माणूस, बोटं लांब, डब्यात नेहमी पिकान, म्हणजे अक्रोडासारखा मेवा, घातलेला केक. ऑर्गन दुरुस्त झाला. पुढच्या बुधवारी परत बिघडला. त्याच्या पुढच्याही बुधवारी. रेव्हरंड वैतागले. मी ऑर्गनच्या मागे डोकावले, तर इसाया स्वतःच एक स्क्रू सैल करत होता.

"मिस झेल्मा," तो ओशाळून म्हणाला, "तालीम बुधवारीच का असते हो फक्त?"

मी डेलला सांगितलं.  त्या बुधवारी तालीम संपल्यावर ती ऑर्गनपाशी गेली आणि त्या आपल्या आवाजात म्हणाली, "मिस्टर क्रम्प्टन, माझ्या घरी एक पियानो आहे. तो खरोखर बिघडलाय."

लग्न एप्रिलमध्ये झालं. पीचला मोहोर होता. जेवणात इतके पदार्थ होते की टेबलं अंगणात काढावी लागली. नवरी स्वतःच्याच लग्नात गायली. दुसऱ्या कुणाला गाऊ देईल ती कसली! इसाया वाजवत होता. भावनेच्या भरात त्यानं चुकीच्या पट्टीत सुरुवात केली, फार वरच्या. डेल मधेच थांबली.

"इसाया, खाली ये."

"किती खाली?"

"ये तर खरं. सांगते."

तो एकेक पट्टी उतरत गेला, ती 'अजून' म्हणत मान हलवत राहिली, आणि आम्ही सगळे हातात ताटं घेऊन हसत उभे होतो.