आजींची शाळा

हेन्डरसनच्या एका वृद्धाश्रमात मी नर्स आहे. त्या दुपारी या देशाच्या मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजातल्या एका आजींना गोळ्या देता देता मी आणि माझी नागपूरची सहकारी ड्युटीच्या रोस्टरवरून मराठीत कुरकुरत होतो. आजींनी माझी बाही ओढली आणि हळूच इंग्रजीत म्हणाल्या, "तुमची भाषा इथे बोलू नका."

माझं डोकंच फिरलं. हे वाक्य मी या देशात फार वेळा ऐकलंय, पण माओरी बाईच्या तोंडून ऐकेन असं वाटलं नव्हतं. "का? कुणाला त्रास होतो?" मी फटकन विचारलं.

शेजारी बसलेली त्यांची लेक ओशाळली. "आईला हल्ली आपण लहानच आहोत असं वाटतं," ती म्हणाली. "चर्चच्या शाळेत, होस्टेलवर वाढली ती. तिथे माओरी भाषेचा एक शब्द निघाला की हातावर छडी."

तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये मॅनेजरच्या बुटांचा आवाज आला. आजींनी घाईघाईने मला मागे सारलं, दोन्ही तळवे पुढे केले आणि कुजबुजल्या, "तू गप्प राहा. मीच बोलले म्हणून सांगते."