सुमनताई पुन्हा वर्गात बसल्या

दीड महिन्यापूर्वी, लसीकरण चालू असताना लातूरहून सुमनताईंच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला. "मावशी, आई गेली... सकाळी चहा घेतला आणि छातीत कळ आली." समोर एक बाळ रडत होतं. त्याला डोस दिला, कार्डावर नोंद केली आणि मग मागच्या खोलीत जाऊन बसले.

देगलूर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा सुमनताई कांबळे तिथं पंधरा वर्षं मुरलेल्या होत्या. त्या उन्हाळ्यात सीमेपलीकडच्या गावातली एक तेलुगू बाई बाळंतपणाला आली. बाळ जन्मलं, पण श्वास घेईना. ताईंनी पाठ चोळली, तळवे चोळले... श्वास द्यायची पिशवी कपाटात होती. एवढ्याशा जीवाला ती नीट लावायची कशी, हे आम्हा दोघींनाही येत नव्हतं. बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, तुमचा दोष नाही. ती बाई काहीतरी बोलत राहिली, आम्हाला एक शब्द कळला नाही.

तिसऱ्या दिवशी ताईंनी नांदेडच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला. मी म्हटलं, "ताई, एवढ्या नोकरीनंतर आता पुन्हा शिकायचं?"

"मला येत न्हाई, हे मला कळलंय शोभा. आता गप कशी बसू?"

तिथं नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरींमध्ये त्या बसल्या आणि पहिल्या चाचणीत नापास झाल्या. केंद्रात आल्या त्या हे सगळ्यांना सांगतच. पुन्हा गेल्या, पास झाल्या. तेलुगू मात्र देगलूरच्या बाजारात शिकल्या. भाजीवाली हसायची, ताई तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या.

दोन वर्षांनी तसंच निपचित बाळ हातात आलं. ताईंनी मास्क लावला, पिशवी दाबत राहिल्या आणि घाबरलेल्या आईशी तेलुगूत बोलत राहिल्या. बाळ रडलं, तशी मीही रडू लागले. "रडतीस काय? आधी वेळ लिही," ताई म्हणाल्या.

पुढं त्यांनी पदवी घेतली, बढती मिळाली, लातूरला नर्सना शिकवायला गेल्या. 'येत नाही' म्हणणारीवर त्या कधी चिडल्या नाहीत. न येता 'येतं' म्हणणारीवर मात्र चारचौघींत बरसायच्या; मीही दोनदा रडले आहे. पण दर तुकडीला पहिल्या दिवशी त्या गेलेल्या बाळाची गोष्ट सांगायच्या. स्वतःचं नाव घेऊन.

आमच्याकडं दर सोमवारी रबरी बाहुलीवर सराव होतो. तो त्यांनीच सुरू केलेला. परवा सरावाला माझा नंबर होता. नवी आलेली सिस्टर चाचरत म्हणाली, "शोभाताई, मान लई मागं गेली. अशानं हवा आत जात न्हाई."

इतकी वर्षं मी हेच करत आले होते? क्षणभर राग आला... मग बाहुली तिच्यापुढं सरकवली.

"दाखव," म्हटलं, "तुझं बघून करते."