साखर मेली

मनकर्णा आत्याले भर उनात धुकं दिसाले लागलं तवा आमी हासलो. आत्या म्हणजे माया बापाची बहीण, सीमेवरच्या बेला गावात आमच्याच गल्लीत राह्यते. दुपारी ओट्यावर बसून थे म्हणे, "सुवर्णे, पराटीचं वावर सपनावानी दिसून राह्यलं वं. कापसाची बोंडं हायेत का ढग, काईच कळत नाई. दिव्याभोवती कडं दिसते, देवाच्या डोक्यामागं असते तसं." तिचं आयकत मीबी तिच्यासंग त्या ढगात जाऊन बसो. लय बरं वाटे. आता त्या बरं वाटण्याचाच राग येते मले.

आत्याच्या पुरणाले इकडं तेलंगणात, तिकडं महाराष्ट्रात, दोन्हीकडं नाव. लग्न असो का बारसं, कढई तिचीच. माप कधी नाई, सारं जिभेवर. अन् तिलेच शुगर निघाली! दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. मंग बाजारात रामाजी जडीबुटीवाल्यानं गुडमारचा पाला देला. म्हणे, "बाई, यानं साखर मरते."

आत्यानं पाला चावला अन् वरून गुळाचा खडा तोंडात टाकला. गूळ मातीवानी लागला! "मेली वं साखर, सुवर्णे, मेली!" अंगणात नाचाचीच बाकी होती बाई. तवापासून रोज पाल्याचा काढा, वरून पाला, अन् गुळाच्या खड्यानं तपासणी. गोळ्या गेल्या जिऱ्याच्या डब्यामागं, अन् मंगच थे धुकं दिसाले लागलं. मी म्हटलं, "दवाखान्यात दाखव त एकडाव." त म्हणे, "सुईपरीस माई जीभ खोटी हाये का?" तिच्या जिभेपुढं कोण बोलन?

माया पोरीचा, रुपाचा साखरपुडा आला. आत्या गालात पाला धरूनच कढईपाशी बसली. पुरण चाखलं. "सपक हाये." गूळ टाकला. परत चाखलं, परत गूळ. वाफेत तिचं तोंड कसं शांत, अर्ध्या झोपेत असल्यावानी. मी पाह्यतच राह्यली.

पंगतीत पैल्या घासाले नवऱ्याकडचे इवाई थांबले. दुसरा घास कोणीच घेतला नाई. मी चाखलं, अगं माय, दात शिणले!

"आत्या, केवढं गोड केलं वं हे?"

"गोड कुठं? सपकच हाये," आत्या म्हणे.

पाला अजून तिच्या गालातच होता. तिच्या पदराच्या गाठीतला पाला सोडला अन् मीच चावला. मले शुगर नाई. वरून गुळाचा खडा टाकला. माती! निव्वळ माती!

"आत्या," मी म्हटलं, "साखर नाई मेली वं. जीभ मेली. साखर अंगातच हाये."

तसंच आदिलाबादले नेलं. शुगर चारशे बारा निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढा घ्यायचा असेल तर आधी मला विचारा. गोळ्या बंद करून नाही." गोळ्या परत चालू झाल्या. उजव्या डोळ्यातलं धुकं गेलं. डाव्यातलं नाई गेलं, पडदाच खराब झाला म्हणतात.

काल आत्यानं रुपाच्या साखरपुड्याचा फोटो उजव्या डोळ्याजवळ धरला. पोरीच्या तोंडावरून हळूहळू बोट फिरवलं. रागावली नाई. फक्त म्हणे, "सुवर्णे, तुले त शुगर नव्हती. तू पैलेच काऊन नाई चावला वं पाला?"