वीरभद्रप्पांच्या मोटारीचे कोरे करकरीत टायर

मोटारीचं पुढचं डावं चाक पाण्यावर अधांतरी लोंबत होतं. पालीजवळ बिंदुसरेवर तेव्हा दगडी फरशी होती, म्हणजे पूर आला की पाणी वरून जाईल असा बुटका पूल. त्या फरशीच्या अगदी कडेला घाटनांदूरच्या वीरभद्रप्पा शेठांची मोटार अडकली होती. निजामाच्या अमलातल्या त्या काळात मी बीडच्या एका मोटार सर्व्हिसमध्ये हेड मिस्त्री होतो. निरोप मिळताच गेलो, बैलांच्या दोन जोड्या लावल्या आणि गाडी मागे ओढून घेतली. मग कुठे शेठांना कंठ फुटला.

"गफूर, हँडल दे इकडं. आजपून तुझी नोकरी बंद."

गफूरभाई बारा वर्षांपासून त्यांचे ड्रायव्हर. गाडी सुरू करायचं ते लोखंडी हँडल त्यांनी छातीशी घट्ट धरलं. "मालक, बिरेक टायमावर दाबलो. गाडी थांबलीच न्हाई."

"थांबंल कशी? तुला आता दिसतंय कुठं? म्हातारा झालास तू. कचेरीत अर्ज देऊन तुझं लायसनच रद्द करतो."

मला हे लागलं. गफूरभाईंना दुसरा कुठलाच धंदा येत नव्हता. लायसन गेलं असतं तर सगळ्या सुभ्यात त्यांना कुणी गाडीला हात लावू दिला नसता. शेजारी शेठांचा मेहुणा बसप्पा मिशीला पीळ देत उभा होता. तो लातूरहून मोटार शिकून आला होता आणि गफूरभाईंच्या जागेवर त्याचा डोळा होता, हे सगळ्या घाटनांदूरला ठाऊक होतं.

मी फरशीवर उकिडवा बसलो. दगडांवर ओल्या चिखलात चाकं ओढत गेल्याच्या सरळ, लांब खुणा उमटल्या होत्या. चाक फिरत असलं की चिखलात टायरची नक्षी उमटते. इथे नक्षी नव्हती, सपाट पट्टा होता. म्हणजे ब्रेकने चाकं जाम धरली होती आणि धरलेल्या चाकांनिशी गाडी घसरत गेली होती. पट्टे सुरू झाले होते ते फरशीच्या बरेच अलीकडे. ब्रेक ठीक होता, पाय ठीक होता, डोळेही ठीक होते.

"अप्पा," मी म्हणालो, "म्हातारं कुणी झालं असेल तर ते टायर."

शेठ उसळले. "टायर? मिस्त्री, जरा बघून बोला! आठ सालं झाली घेऊन, पर नक्षी बघा, जशीच्या तशी हाय. महिन्यातून दोनदा बीडला येतो, त्येवढीच काय ती चाल. उरलेले दिवस गाडी पत्र्याखाली उभी. झिजायचे कावून?"

इथेच बहुतेक सगळे फसतात. टायर रस्त्यावर झिजतो, पण उभ्या उभ्या म्हाताराही होतो. ऊन, हवा आणि तापलेला पत्रा यांनी रबर आतून वाळतं. नवं रबर मऊ असतं. ते दगडाच्या खाचाखोचांत बसतं आणि रस्ता धरून ठेवतं. त्यालाच आम्ही ग्रिप म्हणतो. वाळलेलं रबर दगडावर नुसतं टेकतं. कोरड्या रस्त्यावर ते निभावून जातं, ओल्यावर उघडं पडतं.

मी अंगठ्याचं नख टायरच्या नक्षीत दाबलं. खूण उमटेना. बैलाच्या शिंगात नख रोवल्यासारखं वाटलं. बाजू मात्र काळ्याभोर आणि चकचकीत होत्या, आठ वर्षांच्या टायरला न शोभण्याइतक्या. वास घेतला तर करडीच्या तेलाचा. गफूरभाईंनी मान खाली घातली.

"अप्पा, माझं ऐकू नका. स्वतः बघा," मी म्हणालो आणि आमच्या सर्व्हिसची त्याच मापाची गाडी मागवली. तिचे टायर दोन वर्षांचे, नक्षी निम्मी झिजलेली. फरशीवर गाडी चालवून बघायची माझी छाती नव्हती, म्हणून पलीकडचा दगडी उतार निवडला. पखालवाल्याकडून तिथे पाणी ओतून घेतलं. उताराच्या मध्यावर चुन्याची रेघ मारली. रेघेवर चाक आलं की ब्रेक दाबायचा.

"पहिलं कोण?" मी विचारलं. "बसप्पा, तुमची नजर तरणी आहे. शेठांची गाडी तुम्हीच घ्या."

बसप्पा ऐटीत बसला. रेघेवर आला, ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि गाडी गुमान खाली निघाली. तो स्टिअरिंग गरगर फिरवत होता, पण चाक फिरत नसलं की स्टिअरिंगचं कोण ऐकतं? गाडी थांबली ती थेट बाभळीच्या झुडपात. बसप्पाचा फेटा फांदीला राहिला.

"बिरेक ढिला हाय!" तो ओरडला.

"ढिला असता तर चाकं जाम झाली नसती," मी म्हणालो. मग आम्ही जॅक लावून आमच्या गाडीची चाकं शेठांच्या गाडीला चढवली. गाडी तीच, ब्रेक तोच, उतारावर पुन्हा तेवढंच पाणी. या वेळी गफूरभाई बसले. रेघेवर ब्रेक दाबला आणि बाभळीच्या पुष्कळ अलीकडे गाडी गप्पकन थांबली. शेठांनी स्वतः पावलं मोजली. त्यांची शंका राहू नये म्हणून बसप्पालाही पुन्हा बसवलं. तोसुद्धा जवळजवळ तिथेच थांबला.

शेठांनी वाकून उतरवलेल्या टायरच्या नक्षीवरून बोट फिरवलं. "पर मिस्त्री, दिसायला तर कोरे हायत की."

मी सोड्याच्या पाण्यात फडकं भिजवून टायरची बाजू खसाखसा घासली. वरची तेलाची पापडी निघाली आणि खाली बारीक चिरांचं जाळं दिसलं, सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखं. करडीचं तेल वाळलं की रोगणासारखं चढतं. त्याने रबराचं भलं तर होत नाहीच, वर चिराही झाकल्या जातात.

"तेल?" शेठांचा आवाज चढला. "माझ्या टायरला तेल कुणी लावलं?"

मी गफूरभाईंना डोळ्यांनीच गप्प बसा म्हणत होतो. नोकरी आता कुठे वाचायला लागली होती. पण तो माणूस पुढे झाला.

"मी, मालक. दर दसऱ्याला पूजेच्या आदी गाडी धुतो, अन् टायरला तेल चोळतो. चमकावी म्हनून."

"कुठलं तेल?"

"आपल्याच घाण्याचं. तुमीच बुधली दिलती. म्हनलेतात, आपली गाडी आपल्या तेलानं चमकली पायजे."

शेठांच्या तेलाच्या घाण्याचं नाव पार मोमिनाबादच्या बाजारापर्यंत होतं. त्यांनी बसप्पाकडे पाहिलं. बसप्पा फेट्यातले काटे काढण्यात गुंग झाला होता.

"मिस्त्री," शेठ शेवटी म्हणाले, "चार टायर मागवा. पाचवा इस्टेपनीला. अन् गफूर, हँडल तुझ्यापाशीच ठेव."

पुढे तीस वर्षं मी टायर तपासले, आणि गिऱ्हाईक नक्षी दाखवू लागलं की आधी वय विचारलं. पाच-सहा पावसाळे झाले की नख दाबून बघायचं, बाजू धुऊन चिरा शोधायच्या. नख रुतेना किंवा चिरा दिसल्या, की नक्षी कितीही उरली असो, टायर उतरवायचा. धुतल्याशिवाय मात्र कुठलाच टायर तपासायचा नाही.

पुढच्या दसऱ्याला शेठांची मोटार माझ्याकडे आली. बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, टायर धुतलेले आणि कोरडे. "अप्पांनी बुधली दिली नाही वाटतं?" मी विचारलं.

"दिली की," गफूरभाई हसले. "रिवाज हाय, मोडायचा कसा? घरी भजी केली."