सुलभाला सांगितलेला अर्थ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुलभाला नाही, मुलीला नाही, इथल्या मराठी मंडळातल्या ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी समुद्रावर फिरायला जातो त्यालाही नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं स्वतःला समजावत आलो. एका विनोदी मालिकेतल्या तीन वाक्यांचा अर्थ मी बायकोला खोटा सांगितला — एवढंच. पण एवढंच होतं का?

जरा मागून येतो. मी कुवेतमध्ये एक्स-रे टेक्निशियन. रत्नागिरीहून आलो तेव्हा जलीबमध्ये एका खोलीत पाच-सहा जण राहायचो. लग्नानंतर सुलभा आली, नंदिनी झाली, आणि रुमैथियात एका बंगल्याच्या मागचं छोटं घर भाड्याने मिळालं. नंदिनी तिथे वाढली. शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी बोलणाऱ्या. मराठी तिला समजायची, पण उत्तर इंग्रजीत. सुलभाला इंग्रजी दुकानातल्या पाट्यांपुरती. म्हणून घरात काही महत्त्वाचं बोलायचं झालं की दोघी माझ्याकडे बघायच्या. मला ते आवडायचं — हेही कबूल करून टाकतो.

नंदिनी अमेरिकेला गेली ती फार्मसी शिकायला. मध्येच तिने ते सोडलं आणि नाटकवाल्यांत शिरली. मी मंडळात सांगितलं नाही. गणपतीत कुणी विचारलं की म्हणायचो, फार्मासिस्ट आहे, उत्तम चाललंय. पुढे ती तिथल्या टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत आली. दातांच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या, तिच्यासारख्याच कुवेतहून आलेल्या मुलीचं काम होतं, आधी दोन वाक्यं, मग चार, मग लोक तिचीच वाट बघायला लागले. मंडळातलं कुणीतरी ती मालिका बघत असणारच. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही, आणि मीही फार्मासिस्टच म्हणत राहिलो.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की सुलभा टीव्हीसमोर बसायची आणि मी शेजारी, अर्थ सांगायला. "अहो, ते लोक हसून मोकळे झाले, तुमचं अजून चाललंय!" ती मला डिवचायची. ती मालिका खरे प्रेक्षक समोर बसवून करायचे, तो हशा खरा असायचा. हे नंदिनीने फोनवर सांगितलं तेव्हापासून सुलभा प्रत्येक हशाला मान डोलवायची, जणू ते लोक आपल्याच घरी आलेत.

त्या शुक्रवारी नंदिनीने पडद्यावर डोक्याला ओढणी बांधली आणि दवाखान्यातल्या लोकांना आपली आई मासे कशी घेते ते करून दाखवलं. कल्ला उचलून बघायचा, वास घ्यायचा, मासा परत टाकायचा आणि चालू पडायचं, मागून हाक येईपर्यंत. "सदीक, ये मच्छी तो मेरे से भी बुढ्ढी है!" हे तिने जसंच्या तसं म्हटलं, हिंदीतच, मासेवाल्याला अरबीत सदीक, म्हणजे दोस्त, म्हणत. शब्द कळले नाहीत तरी प्रेक्षक लोळले. आणि सुलभा? तिने मांडीवर थाप मारली. "मेली! माझीच नक्कल करतेय! अहो बघा, मीच की ही!" इतकी खूश मी तिला क्वचित पाहिली होती. डोळ्यांतून पाणी आलं हसून.

मग नंदिनी इंग्रजीत बोलली. तिने म्हटलं ते असं — माझ्या बाबांनी सगळ्या कुवेतला सांगितलंय की मी फार्मासिस्ट आहे. आई कधीच खोटं बोलली नाही. मला लोकांना हसवता येतं ते मी तिच्या मागे पिशवी धरून मासळीबाजारात शिकले.

पहिल्या वाक्याला मोठा हशा झाला. तो हशा माझ्यावर होता. माझ्याच मुलीने, परक्या लोकांसमोर, नाव न घेता मला उघडं केलं. माझ्या अंगाची आग झाली. मला वाटलं, मी हिला शिकवलं, पाठवलं, आणि हिने मला विकलं. पुढची दोन वाक्यं मला ऐकू आली नाहीत, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ऐकू आली होती.

"काय बोलली? सांगा ना, कशाला हसतायत एवढे?" सुलभा अजून हसतच होती.

मी म्हणालो, "ती म्हणाली, माझी आई अशी अडाणी आहे, म्हणून मी तिला इथे आणत नाही."

हे मला सुचलं कुठून? सुलभाला अमेरिकेला जायची किती ओढ होती हे मला माहीत होतं. म्हणूनच सुचलं.

"असं म्हणाली?"

"हो."

ती उठली आणि ताटं आत घेऊन गेली. त्यानंतर आमच्या घरी ती मालिका लागली नाही. नंदिनीचा फोन आला की सुलभा म्हणायची, "सांगा, झोपलेय." नंदिनी मला विचारायची, आईला आवडलं नाही का? मी म्हणालो, "दुखावली आहे. तिची नक्कल पुन्हा करू नकोस." आणि त्या पोरीने ऐकलं. तिथल्या लोकांना तेच हवं होतं, आईचे आणखी प्रसंग. तिने नाही म्हटलं. तिचं काम हळूहळू कमी झालं आणि एक दिवस त्या दवाखान्यात फोन घ्यायला दुसरी मुलगी आली. आता ती दुसऱ्यांच्या मालिकांत कधी नर्स असते, कधी शेजारीण. हसवत नाही.

शेवटच्या आजारात सुलभा कुवेतलाच इस्पितळात होती. वॉर्डातली एक मल्याळी सिस्टर मोठ्या कौतुकाने मोबाइल घेऊन आली. "आंटी, ये आपकी बेटी है ना?" सुलभाने पडद्याकडे बघितलं. "नहीं सिस्टर. कोई और होगी." मी पाण्याचा ग्लास धरून तिथेच उभा होतो. तेव्हा तरी बोलायला काय हरकत होती? ती शुद्धीत होती. तिला माझं बोलणं समजलं असतं.

दिवसकार्य रत्नागिरीच्या घरी केलं, त्याला नंदिनी आली. ओटीवर माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, व्हॉट डिड आय डू टू हर?"

मी म्हणालो, "काही नाही गं. आईचा स्वभावच तसा होता."

म्हणजे जी गेली होती तिच्यावर ढकललं. नंदिनीने मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवय होती.

त्यानंतर तिचे फोन येत राहिले, मी तब्येतीचं सांगत राहिलो. आज हे सगळं लिहून काढलं, तिचं ते बोलणंसुद्धा, जसं होतं तसं. मराठीत लिहिलं. नंदिनीला मराठी वाचता येत नाही. हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं.